दौलतकाकांची हरकत

अक्षराबद्दल आणि चुकांबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं ते मला आजही कळत नाही, आणि माझी ओळ वरून निघते ती उतार लागल्यासारखी खाली जाते. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी कोणाच्या हाती पडलीच तर समजून घ्यावं. आमच्या शेजारच्या दौलतकाकांच्या हाती पडली, तर ते पहिल्याच ओळीला हात वर करतील आणि म्हणतील, "माही हरकत हाये, पन तू चालू ठेव."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टर सुई घेऊन आला की म्हणतात, "माही हरकत हाये, पन तुमी टोचा." एसटीत कंडक्टरनं बेल मारली की म्हणतात. देवळात आरती सुरू झाली की म्हणतात. माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी सगळ्यांचा जीवच काढला. पाहुणे अकोल्याचे, जुन्या शहरातले. पहिलं मंगलाष्टक संपलं, भटजींनी पुढच्यासाठी श्वास घेतला, आणि त्या शांततेत मांडवाच्या मधोमध काका उभे राहिले. हात वर. "माही हरकत हाये."

अक्षता टाकायला उचललेले हात तसेच राहिले. नवरदेवाचे वडील मटकन खुर्चीत बसले. मुलीच्या लग्नात हरकत म्हणजे माणसाच्या मनात काय काय येतं. भटजींनी भीत भीत विचारलं, कसली हरकत? काका म्हणाले, मांडवाचा पडदा असा बांधला आहे की मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायांना नवरदेव दिसत नाही. कोणीतरी धावत जाऊन पडदा सोडला. मागून म्हाताऱ्यांनी दिसला, दिसला म्हणून माना उंच केल्या. मग काकांनी भटजींना सांगितलं, "चालू ठेवा," आणि सगळ्यात आधी अक्षता त्यांनीच टाकल्या.

काका जन्मभर जिनात कामाला होते, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. त्या मशीनच्या घरघरीत माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. त्यामुळं दोन गोष्टी झाल्या. एक, त्यांचा आवाज चढला तो पुन्हा उतरला नाही. दुसरी, दिवसभर मनात आलेलं सगळं तुंबून राहायचं आणि घरी आल्यावर बाहेर पडायचं. आमची आणि त्यांची भिंत एकच. संध्याकाळी सायकल टेकवल्याचा आवाज यायचा, पाय धुतल्याचा यायचा, मग यमुनाकाकू भाकर थापता थापता विचारायच्या, "बोला, काय म्हणणं हाये तुमचं?" आणि काका सुरू व्हायचे. मुकादम कसा चुकला, सरकार कसं चुकलं, रस्त्यातला बैल कसा आडवा उभा होता. काकू मधे फक्त हूं म्हणायच्या. भाकऱ्या संपल्या की हरकती संपायच्या. मी चुलीपुढं बसून ऐकायची आणि मला वाटायचं, एवढं बोलणं एका माणसात मावतं कसं. मी तर चार माणसांत पाणी मागायलाही लाजते.

काकू वारल्या तेव्हा मुलगा काकांना अमरावतीला घेऊन गेला. राजापेठेत त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. काका आठवड्यातच परत आले. ते कुलूप काढत होते तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, तिथं सगळे चांगले आहेत, पण सून ऑफिसात, नातवंडं ट्युशनला, आणि घरी आले की कानात बोंडं घालून बसतात. टीव्हीला हरकत सांगून पाहिली, तो काही थांबत नाही.

त्यानंतर बरेच दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मग एका सकाळी काका पेपर घेऊन माझ्या दारात आले. डोळे लकाकत होते. रस्ता रुंद करायचा होता आणि आमच्या नगरपालिकेनं पेपरात जाहीर सूचना दिली होती, की नागरिकांनी हरकती कळवाव्यात, त्यांची सुनावणी होईल. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच शोभे. सरकार सोता हरकत मांगून राह्यलं."

त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. आजपर्यंत सगळी दुनिया त्यांना गप बसा म्हणत आली होती, आणि इथं छापून आलं होतं की बोला. रस्त्यात ना त्यांचं घर जात होतं ना अंगण. तरी ते गेले. आणि त्यानंतर नगरपालिकेची एकही सुनावणी त्यांनी सोडली नाही. नाली, पाण्याची टाकी, कोंडवाडा, स्मशानातलं शेड. जाताना लग्नातला कोट, टोपी, आणि कानात अत्तराचा फाया. लोक हसायचे, म्हणायचे, निघाला नवरदेव. मी हसले नाही. मला त्यांचा धाकच वाटायचा. जिथं आम्ही पायरीवर चप्पल काढून उभे राहतो, तिथं हा माणूस खुर्चीवर बसून साहेबाशी बोलतो.

माझं सांगायचं तर मी बाजारात लिंबू, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकते. बाजार नगरपालिकेचा. कडेनं पक्के गाळे आहेत, मधे आम्हा बायांचे ओटे. सासूचा ओटा होता, तो माझ्याकडं आला. नवरा गेल्यावर त्याच ओट्यावर मी दोन लेकरं मोठी केली. आमचा करार वगैरे काही नाही. रोज माणूस येतो, बैठकीचे पैसे घेतो, पावती देतो, आम्ही ती कमरेला खोचतो आणि संध्याकाळी तिच्यात लसूण बांधून गिऱ्हाईकाला देतो.

एक दिवस कळलं की बाजार पाडणार. जागा नगरपालिकेची, पैसा नागपूरच्या बिल्डरचा. खाली गाड्या, मधे दुकानं आणि वर हॉटेल. हायवेवरून जाणारे लोक आमच्या गावात मुक्कामाला थांबतील. गाळेवाल्यांना नवे गाळे मिळतील, नगरपालिकेला दर महिन्याला भाडं मिळेल. नमुना करून नगरपालिकेच्या सभागृहात ठेवला होता. आम्ही सगळ्या बाया पाहायला गेलो.

काय सांगू. काचेच्या पेटीत एवढीशी इमारत, निळ्या खिडक्या, आत खरा दिवा. स्पंजाची झाडं. नखाएवढी माणसं, कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात छत्री. मी काचेला नाक लावून पाहत राहिले. आमच्या चिखलाच्या बाजारातून असं काही उगवेल, याचा मला अभिमानच वाटला. मग माझ्या शेजारच्या ओट्यावरच्या रुखमाबाईनं विचारलं, आपण कुठं? गाळेवाल्यांनी बोटानं आपापली दुकानं दाखवली. आम्ही पेटीभोवती दोन चकरा मारल्या. ओटा कुठंच नव्हता. तिथल्या बाबूनं नीट समजावून सांगितलं, की ज्यांचा करार आहे त्यांचीच नावं आराखड्यात आहेत, रोजच्या पावतीवाल्यांची नाहीत, तुम्ही आपलं म्हणणं सुनावणीत मांडा.

मांडायचं कोणी? सगळ्यांनी काकांकडं पाहिलं. काका आमच्या मागंच उभे होते, आणि ते त्या नमुन्याकडं असे पाहत होते जसं दागिन्याकडं पाहावं. एवढी मोठी इमारत, म्हणजे केवढी मोठी हरकत.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी आम्हाला सकाळी दहाला नगरपालिकेत यायला सांगितलं. आम्ही पहाटेच्या हर्रासातून, म्हणजे लिलावातून, माल घेऊन तशाच आलो, कारण टोपल्या कुठं ठेवणार? व्हरांड्यात बाकडं होतं, त्यावर गाळेवाले बसले होते. मग आम्ही पोती अंथरून खाली बसलो. मुद्दाम काही केलं नाही, पण बसलो ती बाजारातल्याच क्रमानं. माझ्या डावीकडं रुखमाबाई मेथी घेऊन, तिच्यापुढं वांगी, मग कांदे. ऊन लागू नये म्हणून मी सांभारावर पाणी शिंपडलं. तेवढ्यात जन्म-मृत्यूच्या खिडकीतला बाबू आला आणि त्यानं रुखमाबाईला मेथीचा भाव विचारला. सवयीनं तिनं सांगितला. त्यानं घासाघीस केली. मग पाणीपट्टीवाल्या बाई आल्या. मग दाखल्यासाठी रांगेत उभे असलेले लोक. अर्ध्या तासात व्हरांड्यात बाजार भरला. पुकारा करायला आलेला शिपाई आधी ओरडला, मग त्यानं लिंबं घेतली. शेवटी टेबलावर कोणीच का नाही हे पाहायला मुख्याधिकारी साहेब स्वतः बाहेर आले आणि वांग्याची टोपली जपून ओलांडून सभागृहात गेले. मला वाटलं, झालं, आता आपलं काही खरं नाही. काका मात्र भिंतीला टेकून कोट सारखा करत होते.

शिपायानं मोठ्यानं नाव घेतलं, "दौलत सखाराम इंगळे." काका म्हणाले, शोभे, तू माझ्यासंगं ये, पिशवी धर. मी गेले. आत गार हवा, लांब टेबल, बाजूला ती काचेची पेटी. साहेबांनी कागद बाजूला केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बोला, काय म्हणणं आहे तुमचं?"

काकांनी डोळे मिटले.

मी शेजारीच उभी होते म्हणून मला दिसलं. देवापुढं मिटावेत तसे मिटले. साहेब वाट पाहत होते. मला भिंतीपलीकडची भाकर थापल्याची थापथाप आणि काकूंचा तोच प्रश्न आठवला, आणि हा माणूस कोट घालून, अत्तर लावून कशासाठी येतो ते माझ्या ध्यानात आलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "माही हरकत हाये सायेब. पन ते ही बाई सांगन." आणि माझ्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

साहेबांशी मी जन्मात बोलले नव्हते. करार, आराखडा, काही शब्द आठवेना. समोर ती पेटी होती, तिच्याकडं पाहून जे दिसलं तेच बोलले.

"सायेब, या काचेतले समदे मानसं उभे हायेत. बसेल कोनीच नाई. आमी बसतो."

एवढंच. साहेबांनी पेटीकडं पाहिलं, मग उघड्या दारातून व्हरांड्याकडं पाहिलं, तिथं रुखमाबाई कोणालातरी मेथीची जुडी देत होती. त्यांनी चष्मा घातला आणि बराच वेळ लिहीत राहिले.

बाहेर आल्यावर मी काकांवर रागावलेच. एवढे नटून आलात, आणि ऐन वेळी मला पुढं ढकललंत. काका चालता चालता म्हणाले, "मले जे आयकाचं होतं, ते आयकून झालं होतं."

आमचे ओटे आराखड्यात आले. इमारत उठेपर्यंत आम्हाला स्टँडजवळ टिनाच्या शेडमधे बसवलं, आणि शेडसाठी प्रत्येकीकडून अनामत घेतली, शेड सोडताना परत देण्याच्या बोलीवर. गाळेवाले म्हणाले, ती आता विसरा. काका मात्र खुलले. नगरपालिका परत देताना काही ना काही कापेल, याची त्यांना खात्री होती. वर्षं लोटली, इमारत मजला-मजला वर गेली, आणि काका आपली हरकत मनात घोळवत राहिले. घसारा कापला तर काय म्हणायचं, वीज कापली तर काय, हे मला भिंतीपलीकडून ऐकवत राहिले.

आता आम्ही नव्या इमारतीत खाली बसतो. ओट्याला फरशी आहे, नळ आहे. वर हॉटेल आहे, दारात पगडीवाला माणूस उभा असतो, तो काकांना पाहिलं की सलाम करतो. पहिल्या दिवशी काकांनी त्याला सांगितलं, "माही हरकत हाये, मी जेवाले नाई आलो. पन तू सलाम चालू ठेव."

परवा संध्याकाळी माझ्या मोबाईलवर बँकेचा निरोप आला. वाचता आला तसा मी वाचला, मग रुखमाबाईच्या मुलीकडून वाचून घेतला. काका नेहमीसारखे येऊन ओट्याच्या कडेला बसले होते. मी सांगितलं, अनामत आली.

"किती कापले?"

"काईच नाई काका. पुरे आले."

"पुरे? रुखमाचे?"

"समद्याईचे पुरे."

त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ तिची कड चाचपत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा एवढा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, "मंग आता बोलाचं कायवर?"

मी लिंबं पुसत होते. माझा स्वभाव असा, की मनातलं ओठावर येतं आणि परत जातं. त्या दिवशी जाऊ दिलं नाही. मान वर न करताच विचारलं.

"बोला काका, काय म्हणणं हाये तुमचं?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, घसा खाकरला, आणि माझ्या लिंबांच्या ढिगाकडं बोट केलं. मोठी लिंबं वर आणि बारकी खाली, यावर त्यांची हरकत होती. आवाज पार वरच्या हॉटेलापर्यंत गेला असेल.

एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. सुनावणी चालू होती.