अंधार मंजूर आहे

शेलूबाजारजवळच्या शेडमध्ये सतीश आणि रत्नमाला या नवरा-बायकोने कंपनीची ब्रॉयलर पिल्लं पाळायला घेतली, तेव्हा पिल्लांसोबत विकासराव सुपरवायझर आले आणि विकासरावांसोबत कंपनीचं प्रकाशविषयक धोरण आलं. झोपलेली कोंबडी खात नाही, न खाणारी वाढत नाही; सबब कोंबडीने झोपू नये. दिवे अहोरात्र चालू ठेवावेत व दाण्याची भांडी रिकामी दिसू नयेत.

"साहेब, मंग हे झोपतीन कवा?" रत्नमालाने विचारलं.

"झोपाले आणलं काय त्याईले?"

पिल्लांनी धोरणाची मनापासून अंमलबजावणी केली. छात्या भरल्या, वजनं वाढली. मात्र पायांना या निर्णयाची आगाऊ सूचना नव्हती. कित्येक पक्षी बसले ते उठेनात. काही धडधाकट पक्षी तर खाता खाताच उताणे पडून मेले. रोज सकाळी रत्नमाला मेलेले पक्षी घमेल्यात वेचायची.

विकासरावांनी पाहणी केली. मयत पक्षी बहुतांशी कोपऱ्यात आढळले, कोपऱ्यात उजेड कमी होता, यावरून मृत्यूचं कारण अंधार असल्याचं सिद्ध झालं. जादा बल्ब लावण्यात आले. तो भार न सोसून शेडची वायरिंग जळाली.

वायरमन मालेगावला लग्नाच्या रोषणाईत अडकला होता. रात्री शेडमध्ये काळोख पडू लागला. अंधारात पक्ष्यांना दाणा दिसेना, मग ते नाइलाजाने झोपले. सकाळी भूक घेऊन उठले आणि भांड्यांकडे चक्क चालत गेले. मरतूक घटली. आणखी पक्षी लंगडे होईनात.

"त्या वायरमनले फोन करू नोको," सतीश म्हणाला. "होऊ दे लग्न निवांत."

विकासरावांना आनंद झाला आणि लगेच घामही फुटला, कारण ही सुधारणा विनापरवानगी झाली होती. त्यांनी वर कळवलं. वरच्यांनी विचारांती 'अंधार कार्यक्रम' जाहीर केला. आपोआप पडणारा अंधार ग्राह्य नव्हता. काळे पडदे लावून रीतसर करण्याचा होता. पुरावा म्हणून सुपरवायझरने प्रत्येक शेडमधल्या अंधाराचा फोटो पाठवायचा होता.

विकासरावांनी काळेकुट्ट फोटो पाठवले. ते परत आले. शेरा होता : 'अंधार स्पष्ट दिसत नाही. पुरेशा उजेडात फोटो काढून पाठवावेत.'

आता विकासराव रात्रभर मोटारसायकलवर शेडं पालथी घालू लागले. जेवण म्हणजे स्टँडवरची कचोरी, मिळेल तेव्हा. एका दुपारी ते रत्नमालाच्या शेडपुढे बसले ते उठेनात. सतीशने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "वेळेवर जेवा, दिवा मालवून झोपा," डॉक्टर म्हणाले.

विकासरावांनी तिथूनच साहेबांना फोन लावून रात्रीची सुट्टी मागितली. "सर, कोंबड्यांना झोप मंजूर आहे, मग मला?"

"कोंबडी आपण तोलून विकतो, विकासराव," साहेब मायेने म्हणाले. "तुम्हाला कोण तोलून घेणार?"

परत आल्यावर रत्नमालाने त्यांना ताटावर बसवलं आणि पडद्याआड बाज टाकून दिली. "पडा भाऊ. इथी अंधार मंजूर हाय." विकासराव ढाराढूर झोपले. फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

ही वार्ता शेलूबाजारात पसरली. दुसऱ्याच दिवशी पडद्याआड जागा मिळेल का, असं विचारत माणसं आली. एक मास्तर होते, एक बँकेतले साहेब होते, एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. सगळ्यांचे डोळे तांबारलेले आणि सगळ्यांच्या हातात उजळलेला मोबाइल.

रत्नमाला दारात आडवी झाली.

"कोंबडीले बटन दाबता येत नाही म्हून आमाले दाबा लागते," ती म्हणाली. "तुमाले काय झालं?"

सगळे याचं उत्तर मोबाइलवर शोधू लागले. तुम्हाला सुचलं, तर जरूर कळवा; मात्र सकाळी.