कुणी आहे का?

खेळण्यांच्या कारखान्यात डिझायनरचं यान अंधारात बोलायला लागलं, आणि पॅकिंगच्या मावशींनी संध्याकाळी दिवे मालवायला साफ नकार दिला.

तसं यान देखणं होतं. खेळण्यातल्या ठोकळ्यांचं, शोधमोहिमेचं आणि बचावाचं. पोटाशी झोळी, पाठीवर शिडी, नाकावर भलामोठा दिवा. याआधीची दोन यानं साहेबांनी "हे कुठंतरी पाहिलंय" म्हणून परत धाडली होती. हेही परत आलं, तर डिझायनरची रवानगी खुळखुळ्यांच्या विभागात होणार होती. त्या धास्तीनं बिचाऱ्यानं यानाला वाचा दिली. अंधार झाला की ते हाक मारायचं, "कुणी आहे का? घाबरू नका, मी आलोय." आवाज त्याचाच, पण सर्दी झालेली असताना पांघरुणात शिरून भरलेला. विहिरीतून कुणी बोलावं तसा यायचा.

पहिल्यांदा ऐकून हिशेबनीस टेबलाखाली गेला होता. मग सगळ्यांना सवय झाली. हाक आली की लोक मान वर न करता म्हणत, "आहे बाबा, आहे."

खरेदीदार बाई यान बघायला येणार त्या दिवशी झोळीला एक नारिंगी ठोकळा कमी पडला. डिझायनर बैठकीच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत शिरला. मागे दार धाडकन लागलं. त्यानं कडी ओढली, ती हातात आली. फोन बाहेर टेबलावर, यानाशेजारी.

"कुणी आहे का?" तो ओरडला.

"आहे हो," बाहेरून मावशी म्हणाल्या.

"मावशी, मी अडकलोय!"

"अगंबाई, आता उजेडातही बोलतंय, आणि नवीन वाक्य भरलं वाटतं! हुशार आहे हो पोरगा." कौतुक करत मावशी निघून गेल्या.

तेवढ्यात खोलीत खुर्च्या सरकल्या. साहेबांनी दिवा मालवला.

"कुणी आहे का? घाबरू नका, मी आलोय," यान म्हणालं.

"इथे आहे हो! इथे!" डिझायनर जिवाच्या आकांतानं ओरडला.

एक खुर्ची धडपडत मागे सरकली.

"उत्तर कुठून आलं?" बाईंचा आवाज कापत होता.

"भिंतीतून," साहेब म्हणाले. त्यांचाही कापत होता. "म्हणजे... तशी सोयच आहे त्यात."

"काटा आला हो अंगावर! असलं यान जन्मात पाहिलं नाही. आम्ही घेतलं!"

दारावर आपटायला उचललेला डिझायनरचा हात हवेतच राहिला. आता खरं सांगितलं, तर सुटका होणार, पण थेट खुळखुळ्यांत. त्यानं तोच हात तोंडावर ठेवला.

"तू कोण आहेस रे?" बाईंनी अंधारात विचारलं.

डिझायनरनं नाक चिमटीत धरलं. "हरवलेला अंतराळवीर."

"काय होतंय तुला?"

"भूक लागलीय." हे मात्र अगदी खरं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला, दिवा लागला. "पण डिझायनर कुठंय?" बाईंनी विचारलं.

"लाजाळू आहे हो. कौतुक म्हटलं की पळतो," साहेब म्हणाले.

पावलं लांब गेली. "उद्या सुट्टी आहे, नीट बंद करा रे," असं कुणीतरी म्हणालं. मग बाहेरच्या दाराला कुलूप लागलं आणि कोठीच्या फटीतून येणारा उजेडही गेला.

"कुणी आहे का?" पलीकडून त्याचाच आवाज आला. "घाबरू नका, मी आलोय."

"ये बाबा," दाराला टेकून बसत डिझायनर म्हणाला, "लवकर ये."