ऊर्वी कोणाची

मालिकेतल्या ऊर्वीचं लग्न लागलं त्या संध्याकाळी आमच्या घरात सगळ्यांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. प्रल्हादने टाकल्या नाहीत. मूठ मिटून बसून राहिला. माझ्या बायकोने, सुनंदाने, शिरा पुढे केला तर म्हणाला, "वहिनी, या लग्नाले आपली मान्यता नाही." आणि मुठीतले तांदूळ स्वयंपाकघरात नेऊन परत डब्यात टाकले.

प्रल्हाद माझा जुना मित्र. डोणगावात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पन्नाशी उलटली, लग्न केलं नाही. जळालेला पंप घेऊन कोणी दारात ताटकळत असलं तरी साडेसातला हा शटर ओढतो आणि आमच्याकडे येतो. स्वतःच्या घरी टीव्ही घेत नाही. "एकट्यानं पाहून भांडाव कोनासंग?" असं त्याचं म्हणणं.

भांडण एकाच गोष्टीचं. लेखकाने ऊर्वीची जोडी राजवीरशी लावली. प्रल्हादच्या मते ती सदाची. सदा म्हणजे मालिकेतल्या दवाखान्यातला कंपाउंडर. सगळ्या मालिकेत सात-आठ वेळा दिसला असेल. पण प्रल्हादजवळ पुरावा होता.

"त्यानं पानी देताना गिलास पुसून देल्ला, वहिनी. राजवीरनं पुसला कधी?"

"त्याच्या घरी नोकर आहेत पुसायले."

"तेच तं म्हनून राह्यलो मी."

फोनवर त्याने ऊर्वी-सदाचा ग्रुप काढला. उंद्रीची एक शिक्षिका, दुसरबीडचा रसवंतीवाला, अशी वीसेक माणसं. लेखकाने न लिहिलेले प्रसंग हे लोक लिहून एकमेकांना पाठवत. प्रल्हादने त्या दोघांचं लग्न लावून दिलं, मेहकरला भाड्याची खोली पाहून दिली, दोघांत एकदा कडाक्याचं भांडणही लावलं. "उगा गोड गोड नोको. संसार हाय," म्हणाला. राजवीरच्या बाजूचं कोणी ग्रुपात शिरलं की त्याला ठरलेलं उत्तर, "लेखकाले काय समजते? त्यानं तं फक्त लिहिलं."

सुनंदा राजवीरच्या बाजूची. "सदानं तोंड उघडलं का एकदा तरी? ज्याले आपण नकोत, त्याच्यासाठी काऊन झुरायचं?" हे ती जरा जास्तच कडक बोलायची. का, ते मला ठाऊक होतं. मग मला बसवत नसे. जाहिरात लागली की उठून उगाच नळ बंद आहे का पाहून यायचो.

गेल्या महिन्यात सदा मालिकेतून गायबच झाला. प्रल्हाद लवकर येऊन आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. बराच विचार करून म्हणाला, "कोनीतरी त्याच्या नावानं काडी घातली असन बे. तिच्या बापाजोळ. लेखकानं दाखवलं नाही, एवढंच."

मी म्हणालो, "मी घातली होती."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला.

सव्वीस वर्षांपूर्वी प्रल्हादसाठी उंद्रीला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा सोबत मी होतो. ती मुलगी सुनंदा. आठ दिवसांनी तिचे वडील मुलाची चौकशी करायला डोणगावात आले, ते माझ्याकडेच. मित्र खरं सांगेल म्हणून. मी म्हणालो, "पोरगा चांगला आहे, पण..." आणि गप्प बसलो. सोयरिकीच्या चौकशीत 'पण'च्या पुढे कोणी विचारत नाही. ऐकणारा मनात येईल ते समजतो आणि उठतो. तेही उठले. प्रल्हादला त्यांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप धाडला. सुनंदाचं मन त्याच्यावर बसलं होतं, म्हणून तिला सांगितलं, पोराकडूनच नकार आला. पुढच्या वर्षी तिथं माझं स्थळ गेलं.

लग्नानंतर एकदा तिने विचारलं होतं, तुमच्या मित्रानं मले काऊन नापसंत केलं? मी म्हणालो, रंगावरून असेल.

हे सगळं अंगणात एका दमात सांगितलं. तो मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटत होतं.

"मंग तिले आजवर काय वाटते?" त्याने विचारलं.

"तूच नाही म्हणालास. रंगावरून."

तो खुर्चीतून उठला. "म्या? तिले?" अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "अन् मी रोज येऊन तिच्या हातचा चहा पिऊन राह्यलो. काय समजत असन ती मले?"

स्वतःचं काय गेलं, ते त्याने विचारलंच नाही.

"जाय. सांग तिले," म्हणाला. "आत्ताच. मी इथंच थांबतो."

सुनंदा आत मेथी निवडत होती. मी सांगत गेलो, ती पानं खुडत गेली. जुडी संपली तेव्हा म्हणाली, "त्यायले कधी समजलं हे?"

"आत्ता."

तिने पदराला हात पुसले, माझ्याकडे न पाहता माझ्याजवळून अंगणात गेली. मी गेलो नाही. तिचे शब्द काही कळत नव्हते. ती बोलत होती, आणि मधूनमधून तो नुसता "हाव" म्हणून होकार देत होता.