समुद्राकाठचं वावर

रघुनाथनाना समुद्राकडे पाठ करून चालायचे. सायप्रस बेटावरचा तो चिमुकला किनारा, तीन बाजूंना टेकड्या, मधे मऊ पिवळी वाळू आणि परातीत ओतून ठेवल्यासारखं निवांत पाणी. लोक विमानानं ते बघायला येत. नानांचा मात्र त्या पाण्यावर राग. "इतलं पानी शे, आन एक वाफा भिजत नही," म्हणायचे. शिरपूरकडे कोरडवाहू कपाशी पिकवलेला माणूस, त्यांचंही खोटं नव्हतं.

मी पिंप्राळ्याचा, नववीतच शाळा सोडलेला. नव्वदच्या सुमारास तिथल्या हॉटेलात भांडी घासायला लागलो, तो नानांच्याच शब्दावर. मला सगळ्याचीच भीती वाटायची, अगदी काट्याचमच्यांचीसुद्धा. नाना कुणालाच भीत नसत. सकाळी दाताळ्यानं वाळू सारखी करणं हे त्यांचं काम. ते सपाट करायचं सोडून कपाशीच्या अंतरानं सऱ्या पाडत. एखादी गोरी बाई टॉवेल घेऊन मधून निघाली की दाताळं उगारत, "ओ अक्का, बांधवरथून जाय." आणि ती मुकाट बांधावरून जायची! आठवडाभरात सगळा किनारा एका रांगेत चालू लागला. मॅनेजरनं खूश होऊन हॉटेलच्या पत्रकात सऱ्यांचा फोटो छापला. नानांनी विचारलं, पीक काय घेतलं तेही लिहिलंय का?

त्या माघात माझे वडील, आबा, वारले. पत्र पोचेपर्यंत तेरावं उरकलं होतं. मी एकुलता एक. अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या आखाजीला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. आणि पहिली घागर मुलाच्या हातची. आबा तहानलेलेच राहणार, या विचारानं मला घास उतरेना. बोललो मात्र कुणाला नाही.

आखाजीला नानांनी मला दंडाला धरून किनाऱ्यावर नेलं. वाळूत फुलझाडाची कुंडी, तळाचं भोक कणकेनं बुजवलेलं, आत गोडं पाणी, वर नाश्त्याच्या टेबलावरचं खरबूज. मागोमाग मॅनेजर खरबूज शोधत तणतणत आला. नानांनी त्याला खुणेनंच बूट काढायला लावले. तो बिचारा मोज्यांवर उभा.

मी हळूच विचारलं, आबांनी तापीपलीकडे पाऊल टाकलं नाही, इथवर कसे येतील?

नाना पहिल्यांदाच समुद्राकडे तोंड करून बसले. "मना पोऱ्यानी घागर मी दरसाल आठेच भरस," कुंडीशेजारची वाळू थोपटत ते म्हणाले. "त्याले वाट मालूम शे. तो तुना बापले संगे लई येई."

नानांना मुलगा होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं.