खांबाआडची चौदा नंबर

कैरोच्या मध्यवस्तीतल्या आमच्या झुमुर्रुद थिएटरचा इतिहास माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही, हे मी छातीठोक सांगतो. त्यातला निम्मा मीच तयार केलाय!

एकतीस वर्षं मी तिथे प्रेक्षकांना खुर्च्या दाखवल्या. चौदा नंबरच्या पुढ्यात भला थोरला खांब. तिथे बसणारा हमखास तणतणायचा. आता पाहुण्याला हिरमुसलेला ठेवणं आमच्या रक्तात नाही. मी कानात सांगायचो, "नशीबवान आहात, साहेब. गायिका वहीबाबाईंची आई रोज इथेच बसायची. लेकीला बघितलं की रडू फुटायचं, म्हणून खांबाआड." माणूस विरघळायचा, खुर्चीला हात लावून बसायचा.

यंदा मालकाने थिएटर पाडून पार्किंग बांधायचं काढलं. थिएटर जपायचं की नाही हे ठरवायला वारसा समितीच्या इनायातबाईंनी जुन्या प्रेक्षकांना आठवणी सांगायला बोलावलं. चाळीसजण आले. कैरोत 'माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही.

ऐंशी वर्षांचे हाजी शौकत उठले. "त्या माउलीला मी या डोळ्यांनी पाहिलंय. हातात लिंबं होती."

"लिंबं कसली? पेरू," मागून एक बाई म्हणाल्या. "मला एक दिलासुद्धा."

लिंबू की पेरू यावरून हमरीतुमरी सुरू झाली. भांडणात थाप उघडी पडली तर थिएटर जाणारच, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणून मी कबूल करून टाकलं, "इनायातबाई, ती आई मी रचली."

"तू कालचा पोरगा, तुला काय कळतंय?" हाजी कडाडले.

"अहो, मीच तुम्हाला त्या खुर्चीत बसवताना सांगितलं होतं."

"मग तेव्हा ती नुकतीच उठून गेली असेल."

इनायातबाई हसून हसून ओघळलेलं काजळ टिपत होत्या. "वग्दीकाका, आईचं राहू द्या. एका खांबावरून चाळीस माणसं भांडतायत, ती जागा मी पाडू देईन होय?"

थिएटर वाचलं. तपासणीला आलेला इंजिनियर म्हणाला, खांबावर कसलाच भार नाही, काढता येईल. पण आता त्याला हात लावायला सक्त मनाई. मला मात्र सन्मान म्हणून जन्मभरासाठी फुकट खुर्ची मिळाली. नंबर तुम्ही ओळखलाच असेल.

परवा तिथे खांबाआडून बघायला मान वाकडी करून बसलो होतो. माझ्या जागी आलेली नवी बाई वाकून कानात म्हणाली, "नशीबवान आहात, आजोबा. वहीबाबाईंची आई..."

आणि काय सांगू, मीही खुर्चीला हात लावून घेतला.