तीन चुका, कायमचं बाहेर

रविवारी सकाळी अकरा वाजता कळंब्याच्या संयोगिताने सुष्मिता नावाच्या बाईला तिसऱ्यांदा नाकारलं. वेबसाइट सुरू होऊन दोन तास झाले होते आणि आत अजून कुणीही नव्हतं!

वेबसाइट गारगोटीच्या शाळेत तिच्यासकट दहावीला असलेल्या तेहतीस मुलींची. अर्ज भरायचा, संयोगिताने मंजूर केला की आत यायचं. फोटो, गप्पा, सगळं आत. वेबसाइट बनवणाऱ्या स्वप्नालीला तिने बजावलं होतं, "परकं माणूस आत दिसता कामा नये. तीन चुका, की कायमचं बाहेर!"

"काकू, तुम्हालापण हाच नियम?"

"मला काय सोन्याचं शेपूट हाय? सगळ्यांना!"

एकतीस जणी दाराशी खोळंबल्या होत्या. पण पहिली आत येणार होती अक्काताई. तीन वर्षं एका बाकावर बसलेली, एका डब्यात जेवलेली अक्की लग्न होऊन सीमेपलीकडे कानडी मुलखात गेली ती परत दिसलीच नाही. हा सारा खटाटोप तिच्यासाठी आहे, हे संयोगिताने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हंबीररावांना ते माहीत होतं. बायको झोपेतसुद्धा "अक्के, सरक की!" म्हणायची.

आणि मध्येच ही सुष्मिता! नाकारली की पुन्हा हजर.

"आमच्यात सुष्मिता नव्हतीच. लोचट कुठली!" म्हणत संयोगिताने बटण दाबलं, आणि मग तिची नजर अर्जाच्या तळाशी गेली. 'शेजारी कोण बसायचं?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं : संयी.

तिला संयी म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

फोन नंबर वाचायच्या आत पान मिटलं. 'या नावावर कायमची बंदी.'

"अवो, ही अक्कीच हाय!"

"मग सुष्मिता कोण?"

"तीच की! लग्नात नाव बदललं असणार."

"मीपण ताटातल्या तांदळात तुझं नवं नाव लिहिलंतं. तू मांडवातच तांदूळ विस्कटलंस," हंबीरराव म्हणाले. "सगळ्याच बायका तुझ्यासारख्या नसत्यात!"

बंदी उठवायला पुन्हा पासवर्ड हवा होता. पासवर्ड सोपा : अक्काताई. पण स्वप्नालीने तो घातलेला इंग्रजी अक्षरांत! त्यात के एक की दोन? तिने एक घातला. चूक. दोन घातले. चूक!

"शेवटी आय का वाय?"

"शाळेत कसं लिहायचीस?"

"शाळेत हाक मारायची मी तिला! लिहू कशाला? शेजारीच तर बसायची!"

तिने वाय घातला. वेबसाइटने 'धन्यवाद' म्हणून तिला बाहेर काढलं.

स्वप्नाली राधानगरीच्या जंगलात सहलीला गेलेली. तिच्या फोनला रेंज नाही. शेवटी संयोगिताने इतरांसारखाच साधा अर्ज भरला. शेजारी कोण बसायचं? तिने लिहिलं : अक्की.

"आणि हे मंजूर कोण करणार?" हंबीररावांनी विचारलं.

"तुम्ही चहा टाका!"

दुपारभर पहिल्या पानावर एकच ओळ होती : 'दाराबाहेर बत्तीस. आत कुणी नाही.' चहा निवला, त्यावर साय धरली, तरी ती तिथून हलली नाही.

सहा वाजता आकडा तेहतीस झाला.

"अवो, बघा की! तेहतिसावी कोण असंल?"

हंबीररावांनी चष्मा लावून पाहिलं. खाली बारीक अक्षरांत होतं : 'नावं फक्त आतल्यांना दिसतात.'