पाव मैलापुढचं मोजत नाहीत

या मंडळी, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या. लांबून ऐकणाऱ्याला गोष्टीतलं नुसतं इंजिन ऐकू येतं आणि माणसं राहून जातात. आज एका मोटारीचं आख्यान लावलं आहे. लांबणार नाही, कारण ती मोटारही फार लांब गेली नाही.

माणूस जन्माला येतो तो कुठेतरी पोचण्यासाठी, हे सर्वमान्य आहे. कुठे, याबाबत मतभेद आहेत. लवकर, याबाबत नाहीत. प्रगतीचा सगळा इतिहास या एकमतावर उभा आहे आणि आमच्या शेजारच्या काकूंचे चिरंजीव हे त्या इतिहासाचं सध्याचं टोक आहे.

काकूंच्या घरी एक मोटार होती. पांढरी, चार दारांची, स्वभावाने शांत. रविवारी काकूंना शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे सोडणं, हे तिचं मुख्य काम. चिरंजीवांच्या या मावशींची दृष्टी गेली आहे. त्या खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसतात आणि गाडीच्या आवाजावरून धाकटी आल्याचं ओळखतात. मग दोघी बहिणी लहानपणीचं एक गाणं म्हणतात. मावशींना त्यातली पहिली ओळ तेवढी आठवते, काकूंना दुसरी. तिसरी कोणालाच नाही. एवढ्यावर त्यांची अख्खी दुपार जाते. (आनंदाच्या या पद्धतीत सुधारणेला बराच वाव आहे, असं चिरंजीवांचं मत.)

अशात चिरंजीवांनी फोनच्या पडद्यावर ड्रॅग रेस नावाची गोष्ट पाहिली. दोन गाड्या, एक सरळ रस्ता, पाव मैल अंतर. हिरवा दिवा लागला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, खड्डा नाही, वाटेत साबण घ्यायचा नाही, मागच्या सीटवर कोणाची आई नाही. संसारातल्या इतक्या अडचणी एकाच खेळातून वगळलेल्या पाहून चिरंजीवांना भरून आलं.

चिरंजीव रस्तेदुरुस्ती खात्यात साहेब आहेत. त्यांनी घराच्या फाटकापासून चौकातल्या सिग्नलपर्यंत टेप धरला, तर बरोबर पाव मैल भरला. या तुकड्याची दुरुस्ती लगेच तातडीच्या कामांत गेली. आज तो रस्ता इतका गुळगुळीत आहे की चालणाऱ्याला आपल्या चपलांची लाज वाटावी. सिग्नलच्या पलीकडे पूर्वीचेच खड्डे आहेत. (पलीकडचं रेसमध्ये येत नाही.)

मग मोटार मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने कशालाही विरोध केला नाही. विरोध करणारा मिस्त्री आमच्या भागात टिकत नाही. "करू की साहेब, एकदम प्रोफेशनल करू," एवढंच तो प्रत्येक वेळी म्हणाला आणि संध्याकाळी बसने घरी गेला.

पहिला संस्कार इंजिनाच्या पोटावर झाला. साध्या इंजिनात पाणी खेळवायला वाटा असतात, त्याने ते थंड राहतं. पण पोकळ वाटांमुळे फार जोर काढताना इंजिनाचं अंग थरथरतं. म्हणून नामांकित रेसवाले त्या वाटा सिमेंटसारख्या मसाल्याने बुजवतात. पाव मैलात तापायला सवड कोणाला असते? चिरंजीवांनीही बुजवल्या. पाणी गेलं म्हणून रेडिएटर गेला, रेडिएटर गेला म्हणून पंखा गेला, पंख्याबरोबर त्याचा पट्टा गेला आणि पट्ट्यावर चालणारं, बॅटरी भरणारं यंत्रही गेलं. एकेका सुधारणेने पुढचीचा हात धरून तिला दाराबाहेर नेलं.

त्यानंतर वजन. मागची सीट, दारांच्या आतल्या गाद्या, सुटं चाक, जॅक हे सगळं काढून जिन्याखाली रचलं. तरीही आकडेमोड जमेना. शेवटी घरातल्या चार माणसांपैकी तीन माणसं ही निव्वळ वजन आहेत, असा निष्कर्ष निघाला. तो जेवताना जाहीर करण्यात आला.

"चौथं कोण?" सूनबाईंनी विचारलं.

"चालक," चिरंजीव म्हणाले.

"मग आज चालकानेच भांडी घासावीत. वजनाला जमणार नाही."

सूनबाईंचा प्रगतीला असा विरोध पहिल्यापासूनच. एरवी मोटारीने घराला जी शिस्त लावली ती पाहण्यासारखी होती. रेसचं इंजिन उभ्या जागी गुमान चालत नाही. जिना चढून आलेल्या माणसाने धापा टाकत शिव्या द्याव्यात, तसं ते चालतं. त्यामुळे गल्लीतली तान्ही बाळं झोपायची बंद झाली आणि आयांना त्यांचा सहवास जास्त मिळू लागला. सुटण्याआधी मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरवून टायर तापवावे लागतात, तेव्हा ते रस्त्याला चिकटतात. त्या धुरामुळे डास सत्तर टक्के कमी झाले. (उरलेले तीस टक्के खोकतात.) धाव संपली की इंजिन उघडून तपासायचं, हा व्यावसायिकांचा दंडक. त्यामुळे कोपऱ्यावरून साबण आणला की संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात पिस्टन मांडलेले असत आणि ज्या हातांसाठी साबण आणला ते हात तोवर मनगटापर्यंत काळे झालेले असत.

एकच किरकोळ प्रश्न राहिला. पाव मैलापुढे गेलं की इंजिन जीव टाकी. चिरंजीवांनी तो मुळापासून सोडवला. मोटारीला दूर जाता येत नसेल तर संसाराने जवळ यावं. शिंपी बदलला, न्हावी बदलला, दुकान बदललं. घरचे जुने डॉक्टर सिग्नलपलीकडचे निघाले, म्हणून तेही बदलले. नवे डॉक्टर दातांचे आहेत, पण पोचता येतं.

मावशी मात्र बदलता येईनात.

"मी आपली बसने जाऊन येते रे," काकू पहिल्या रविवारी म्हणाल्या.

"बसने? घरात एवढी गाडी असताना साहेबाची आई बसने? लोक काय म्हणतील मला?"

लोक काय म्हणतात ते काकूंना रोज खिडकीतून ऐकू येत होतं. पण त्या आई आहेत. त्या घरीच राहिल्या. पुढच्या रविवारीही राहिल्या, त्याच्या पुढच्याही.

मध्यंतरी चिरंजीव कापड शोधत आले. सिग्नलला थांबण्यासाठी, रेसवाले उघडतात तसं, मागे हवा धरून वेग अडवणारं पॅराशूट हवं होतं. मावशींच्या पलंगावर घालायला काकूंनी एक मऊ चादर घेऊन ठेवली होती.

"आई, ही शिवून दे ना पटकन. याच्याशिवाय तुला मावशीकडे नेता येणार नाही."

काकूंनी मशीन उघडलं, चष्मा लावला आणि चादरीत कात्री घातली. टाके इतके बारीक आले की मिस्त्रीनेही हात लावून पाहिले.

मग एका सकाळी मावशींच्या सुनेचा फोन आला. "सासूबाईंचं खाणं फार कमी झालंय हो. रविवारी खिडकीत बसतात, ती पहिली ओळ म्हणतात आणि थांबतात. आम्ही दुसरी म्हणायला गेलो, तर म्हणाल्या, तुमची नव्हे. येऊन जा. आता पुढे ढकलू नका."

काकूंनी फोन ठेवला, लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड पाहून चिरंजीवही हेलावले. ते मनाने वाईट नाहीत, हे इथे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. "आई, आजच नेतो. आज बघच तू," असं म्हणून त्यांनी इंजिनावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, कारण मोठे रेसवाले ठेवतात. मागे सीट नव्हती, म्हणून तेलाचा रिकामा डबा पालथा घालून काकूंना त्यावर बसवलं आणि पट्ट्याने बांधलं.

सगळी गल्ली जमली. टायर तापवण्यात आले. धूर विरला तेव्हा शेजारी नेहमीची बस येऊन उभी होती. आपण शर्यतीत आहोत हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. दोन्ही वाहनं एकदमच सुटली. बसने दुसरा गिअर टाकेपर्यंत चिरंजीव सिग्नलवर होते. चादर फाडकन उघडली, मोटार थांबली, बॉनेटखालून एक लांब उसासा आला आणि सगळं शांत झालं. इंजिन कायमचं बसलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर धरले.

"आई! किती वाटले?"

"काय किती?"

"सेकंद गं!"

"मी डोळे मिटले होते रे. आलं का अक्काचं घर?"

"आई, पाव मैल झाला."

"मग पुढचं?"

"पुढचं मोजत नाहीत, आई."

काकूंनी पट्टा सोडला. रस्त्यावर पसरलेली चादर गोळा केली, झटकली, चौघडी करून पिशवीत घातली. "तू घरी जा हो. इंजिन उघडायचं असेल तुला," म्हणाल्या. तेवढ्यात हरलेली बस मागून आली. काकूंनी हात केला. ड्रायव्हरने थांबवली, म्हातारी नीट बसेपर्यंत उभी ठेवली आणि मग सावकाश खड्ड्यांतून काढली.

मावशी खिडकीतच होत्या. धाकटीचा हात हाताला लागला तशा दचकल्या.

"गाडीचा आवाज नाही आला गं! कशानं आलीस?"

"लेकानं आणून सोडलं, अक्का. नवं इंजिन केलंय त्यानं. इतकं गुणी, की आवाजच येत नाही."

मग काकूंनी ती चादर मावशींच्या गुडघ्यांवर घातली. तिला टायरच्या धुराचा वास येत होता. मावशींनी टाक्यांवरून बोटं फिरवली, हसल्या, आणि दोघींचं गाणं सुरू झालं.

आता हे आख्यान मी बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. संपल्यावर श्रोते एकच प्रश्न विचारतात: किती सेकंद लागले? मावशी जेवू लागल्या का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुमच्याही ओठांवर तोच आकडा आहे, मला दिसतं. अगदी दशांशासकट सांगतो, माझ्या लक्षात आहे. फक्त आधी तुम्ही मला एवढंच सांगा, गाण्याची दुसरी ओळ कोणाला येत होती?

बघा, सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही गाडी कधी सुटते याची वाट पाहत होतात. असू द्या. घरी जाताना सिग्नलला थांबाल आणि पाय आपोआप दाबला जाऊ लागेल, तेव्हा तुमच्याही मागे कोणी डब्यावर बसलंय का, ते एकदा वळून पाहा. आणि त्या माउलीची आठवण ठेवा. दुसरी ओळ तिची.